देणगीचं आवाहन करण्याआधी : मदतनिधी, कायदा आणि कर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे पूर येतो, कोणाच्या लेकराचं ऑपरेशन ठरतं, वाऱ्याने शाळेचे पत्रे उडतात, आणि आपल्याकडची माणसं मदतीला वेळ लावत नाहीत. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर आवाहन फिरायला लागतं आणि त्याखाली गटातल्या कोणाचा तरी क्यूआर कोड असतो. कायद्याची आणि कराची बहुतेक गुंतागुंत त्या क्यूआर कोडपासून सुरू होते. सामाजिक संस्थांचे हिशेब पाहण्याचं काम करताना हे प्रश्न माझ्याकडे सतत येतात, आणि बहुतेक वेळा पैसे जमून गेल्यावर येतात. म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहे. ती महाराष्ट्रात निधी गोळा करणाऱ्यांसाठी आहेत.

आयकर अधिनियम २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तरी लोकांच्या तोंडी अजून ‘८०जी’ (देणगीदाराची करसवलत) आणि ‘१२ए’ (संस्थेची करमाफी) हीच नावं आहेत, म्हणून इथेही जुनेच क्रमांक वापरले आहेत. प्रत्यक्ष अर्ज किंवा विवरणपत्र भरताना त्या वर्षाला लागू असलेलं कलम आणि फॉर्म पाहून घ्या.

सगळ्यात आधी काय ठरवायचं?

पैसा कोणाच्या खात्यात जमा होणार, हे. कार्यक्रमाची तारीख, पोस्टर, पाहुणे हे सगळं त्यानंतर. खातं एकदा ठरलं की परवानगी लागेल का, कर कोणी भरायचा, देणगीदाराला सवलत मिळेल का, हिशेब कोणाला द्यायचा, या सगळ्यांची उत्तरं त्यातूनच निघतात. मार्ग तीन आहेत : एखाद्या माणसाचं वैयक्तिक खातं, परवानगी घेतलेल्या तात्पुरत्या समितीचं खातं, किंवा नोंदणीकृत संस्थेचं खातं. यातला पहिला मार्ग सगळ्यात सोपा वाटतो आणि पुढे सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

आमचा नुसता मित्रांचा गट आहे, नोंदणी वगैरे काही नाही. आम्ही लोकांकडून पैसे गोळा करू शकतो का?

करू शकता, पण परवानगी घेऊन. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० मधलं कलम ४१क नेमकं याचसाठी आहे. नोंदणीकृत न्यास (ट्रस्ट) नसलेल्या कोणालाही धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी, देणगी किंवा वस्तू गोळा करायच्या असतील तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळं दरवर्षी घेतात ती हीच परवानगी. ती फक्त उत्सवांसाठी असते असा समज आहे. तो चुकीचा आहे. पूरग्रस्तांसाठी चौकात टेबल मांडणाऱ्या गटालाही हेच कलम लागू होतं.

अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरून करता येतो. समिती कोणाची, अध्यक्ष आणि खजिनदार कोण, पैसे कशासाठी हवेत हे सांगणारा सभेचा ठराव आणि पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं तयार ठेवा. परवानगी ठराविक मुदतीपुरतीच असते आणि काम झाल्यावर हिशेब सादर करावा लागतो. परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हा कैद आणि दंडाला पात्र असलेला गुन्हा आहे.

कागदपत्रांचा कंटाळा येतो हे मला समजतं. पण परवानगीचा क्रमांक आवाहनावर छापला की अनोळखी माणूसही विश्वासाने पैसे देतो, आणि त्याच आपत्तीच्या नावाने खोटी आवाहनं फिरवणाऱ्यांपासून तुमचं आवाहन वेगळं ओळखू येतं.

नातेवाइकाच्या उपचारासाठी माझ्याच खात्यात पैसे मागवले तर कर लागेल का?

लागू शकतो. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटीच्या रकमांची बेरीज ५०,००० रुपयांच्या पुढे गेली, तर पूर्ण रक्कम ‘इतर उत्पन्न’ म्हणून करपात्र ठरते. ५०,००० च्या वरची तेवढीच नव्हे, सगळी. आणि ही मर्यादा प्रत्येक देणाऱ्याची वेगळी नसते. दोनशे जणांनी पाचशे-पाचशे रुपये पाठवले की एक लाख झाले.

नातेवाईक कोण, याची कायद्यातली यादीही आपल्या घरच्या यादीशी जुळत नाही. नवरा-बायको, भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, स्वतःच्या आणि जोडीदाराच्या सरळ वंशातले पूर्वज आणि वंशज, आणि या सगळ्यांचे जोडीदार, एवढेच त्यात बसतात. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी आहेत. चुलतभाऊ, मामेबहीण नाहीत. काकाने पुतण्याला दिलेली रक्कम करमुक्त, पण पुतण्याने काकाला दिलेली करमुक्त नाही, कारण काकाच्या बाजूने पाहिलं तर पुतण्या त्या यादीत येत नाही. आजारी माणूस काका असेल आणि पैसे पुतणे गोळा करत असतील, तर हा फरक नीट पाहावा लागतो.

‘पैसे माझे नव्हतेच, मी फक्त हॉस्पिटलपर्यंत पोहोचवले’ असं म्हणता येतं. पण ते कागदावर दाखवण्याची जबाबदारी खातेदाराची. बचत खात्यात पगार, किराणा आणि देणग्या एकत्र मिसळलेल्या असतील तर ते सिद्ध करणं फार अवघड जातं. अगदीच दुसरा इलाज नसेल तर निदान वेगळं, नवं खातं उघडा, त्यातून फक्त हॉस्पिटलला थेट पैसे द्या, रोख काढू नका आणि मूळ आवाहनाची प्रत जपून ठेवा.

यापेक्षा चांगले दोन मार्ग आहेत. पहिला, देणगीदारांना थेट हॉस्पिटलच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर पैसे भरायला सांगणे. दुसरा, आयकर खात्याकडे १२एबी (१२ए ची करमाफीची नोंदणी देणारं कलम) खाली नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत मदत घेणे. अशा संस्थेकडून रुग्णाला मिळालेली मदत ५०,००० च्या या नियमातून वगळलेली आहे. अपवाद फक्त त्या संस्थेचे विश्वस्त, मोठे देणगीदार आणि त्यांचे नातेवाईक यांचा.

ऑनलाइन क्राउडफंडिंगचं काय?

संकेतस्थळ बदललं म्हणून कायदा बदलत नाही. मोहीम रुग्णाच्या नावाची आहे की संस्थेच्या, पैसा हॉस्पिटलला जातो की घरच्या खात्यात, हेच प्रश्न तिथेही येतात. मोहीम सुरू करण्याआधी शुल्क किती आणि त्यावर जीएसटी किती, हे वाचून घ्या. हातात येणारी रक्कम पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असते आणि हॉस्पिटलचं बिल पूर्ण रकमेचं असतं. अशा मोहिमेतल्या देणगीवर ८०जी ची पावती मिळतेच असंही नाही. पैसा ८०जी मान्यता असलेल्या संस्थेकडे जात असेल तरच ती मिळते.

ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेचं खाते वापरलं तर?

माझ्या मते छोट्या गटासाठी हाच उत्तम मार्ग आहे. मात्र ‘खातं वापरायला घेतलं’ अशा भावनेने करू नका. कायद्याच्या दृष्टीने निधी त्या संस्थेनेच उभारलेला असतो, तुम्ही तिचे स्वयंसेवक. म्हणून आधी तीन गोष्टी तपासा.

संस्थेच्या घटनेतल्या उद्दिष्टांत हे काम बसतं का? फक्त शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेने हृदयशस्त्रक्रियेसाठी पैसे गोळा केले तर विश्वस्त अडचणीत येतात. विश्वस्त मंडळाने ठराव केला आहे का, त्यात कारण, मुदत आणि सह्यांचे अधिकार लिहिले आहेत का? आणि विश्वस्तांमधले बदल वेळोवेळी धर्मादाय कार्यालयात कळवले आहेत का? बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. कित्येक जुन्या संस्थांमध्ये दिवंगत विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि ऐन गरजेच्या वेळी बँक सह्या स्वीकारत नाही.

पैसे एका न्यासाने गोळा करून दुसऱ्या न्यासाला द्यायचे असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशा रकमेचे ८५ टक्केच देणाऱ्या न्यासाचा खर्च म्हणून धरले जातात. शक्य असेल तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेच्याच खात्यात पहिल्यापासून पैसे घ्या.

आम्ही स्वतःचीच संस्था काढली तर?

वर्षानुवर्षं काम करायचं असेल तर जरूर काढा. एका कार्यक्रमासाठी काढू नका. सोसायटीसाठी (संस्था नोंदणी कायद्याखालच्या संस्थेसाठी) किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात सोसायटीला सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी घ्यावी लागते. त्यानंतर पॅन, बँक खातं, आयकर खात्याकडे १२एबी आणि ८०जी साठी अर्ज. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, मग पाच वर्षांची नियमित. २०२५ च्या अर्थसंकल्पाने मागच्या दोन वर्षांत ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना दहा वर्षांची नोंदणी देऊ केली आहे. या सगळ्याला वेळ लागतो आणि पूर तोपर्यंत थांबत नाही.

देणगीदाराला ८०जी ची सवलत नेमकी किती मिळते? ‘पूर्ण करमाफी’ असं छापलं तर चालेल का?

चालणार नाही, आणि असं छापणं देणगीदारावर अन्याय करणारं आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी यांसारख्या निधींना दिलेल्या देणगीची १०० टक्के वजावट मिळते. आपल्यासारख्या सर्वसाधारण संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के, तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या (काही वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या) १० टक्क्यांच्या मर्यादेत. ‘वजावट’ म्हणजे उत्पन्नातून वजा, करातून नव्हे. १०,००० रुपये दिले तर ५,००० उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यामुळे उपकरासह १,०४० रुपये वाचतात.

तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या करप्रणालीत ८०जी ची वजावट व्यक्तीला मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून काही न निवडता राहिलं तर नवीच प्रणाली लागू होते. त्यामुळे आज पुष्कळ पगारदार देणगीदारांना ८०जी चा काहीही उपयोग नसतो. हे त्यांना आधीच सांगा. ज्यांना द्यायचं आहे ते तरीही देतात.

आता पावतीबद्दल. आधी संस्थेची छापील पावती पुरत असे. आता संस्थेने वर्षभराच्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यायची असते आणि त्यावरून तयार होणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला पाठवायचं असतं. त्या यादीत नाव नसेल तर हातात पावती असूनही वजावट अडकते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, आणि यादी दिलीच नाही तर १०,००० ते १ लाख रुपयांपर्यंत दंड.

म्हणून पावतीपुस्तक छापतानाच त्यात पूर्ण नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, पैसे देण्याचा प्रकार आणि देणगी नेमकी कशासाठी, एवढे रकाने ठेवा. कार्यक्रमाच्या गर्दीत स्वयंसेवक ‘जोशीकाका, १००१’ एवढंच लिहून पुढच्या माणसाकडे वळतो. मे महिन्यात १०बीडी भरायला बसल्यावर हे जोशीकाका कोण, हे कोणालाच आठवत नाही. पावती फाडणाऱ्या प्रत्येकाला आधी पाच मिनिटं बसवून हे समजावून सांगा.

रोख देणगी घ्यावी का?

घेता येते. पण २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला ८०जी मिळत नाही. शिवाय एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारासाठी, किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला कायद्याने मनाई आहे. मोडली तर तेवढ्याच रकमेचा दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे संस्थेला. चार वेगवेगळ्या पावत्या फाडून यातून सुटका होत नाही.

दानपेटी फिरवली, त्यात नाव-पत्ता नसतो. चालेल?

थोड्या रकमेपर्यंत. देणाऱ्याच्या नावा-पत्त्याची नोंद नसलेली देणगी निनावी धरली जाते आणि तिच्यावर मर्यादेच्या पुढे सरळ ३० टक्के कर आहे. वर्षातल्या एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली जी रक्कम मोठी तेवढ्याला सूट. समजा वर्षात १० लाख जमले, त्यातले ३ लाख निनावी. पाच टक्के म्हणजे ५०,०००, त्यामुळे सूट १ लाखाची. उरलेल्या २ लाखांवर ६०,००० रुपये कर आणि वर उपकर. निव्वळ धार्मिक संस्थांना हा नियम नाही.

पेटीपेक्षा मोठा धोका हल्ली क्यूआर कोडचा आहे, कारण तिथे सगळं नोंदलं जातंय असं वाटतं. बँकेच्या पासबुकात येतं ते यूपीआयचं अर्धवट नाव आणि एक लांब क्रमांक, पत्ता नाही. तेवढ्यावर देणगीदाराची ओळख नोंदवली असं म्हणता येत नाही. कोडच्या शेजारी एका छोट्या ऑनलाइन अर्जाची लिंक द्या, त्यात नाव, पत्ता, पॅन आणि व्यवहार क्रमांक भरून घ्या आणि रोज रात्री ती यादी बँकेच्या नोंदींशी ताडून पाहा. आठवडाभर साचलेली यादी जुळवणं फार किचकट होतं.

ब्लँकेटं, औषधं, वह्या अशा वस्तू दिल्या तर ८०जी?

नाही. ही वजावट फक्त पैशाच्या देणगीवर आहे. वस्तूंची वेगळी नोंदवही मात्र ठेवा : कोणी दिल्या, किती, कोणाला वाटल्या.

नाटकाचा किंवा गाण्याचा कार्यक्रम करून तिकिटं विकली, सगळे पैसे समाजकार्याला. मग जीएसटी कसला?

हा प्रश्न कळकळीने विचारला जातो आणि त्यामागची भावना खरी असते. पण पैसा शेवटी कुठे जातो यावर जीएसटी ठरत नाही, पैशाच्या बदल्यात काय दिलं यावर ठरतो. तिकीट घेणाऱ्याला खुर्ची आणि कार्यक्रम मिळतो, म्हणून ती सेवा. तिकिटाची किंमत देणगीही होत नाही. त्यामुळे तिच्यावर ८०जी ची पावती देऊ नका.

छोट्या कार्यक्रमांवर मात्र सहसा बोजा येत नाही. सेवांची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, आणि बदल्यात काही न देता घेतलेल्या निव्वळ देणग्या या उलाढालीत धरल्या जात नाहीत. संस्थेची जीएसटी नोंदणी असली तरी नाटक, नृत्य, संगीत, सर्कस यांच्या प्रवेशाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर ते करमुक्त आहे. ५०१ केलं की पूर्ण रकमेवर कर. तिकिटाचा दर ठरवताना समितीने ही ५०० ची रेघ समोर ठेवावी, आणि ज्यांना जास्त द्यायचं आहे त्यांच्याकडून वेगळी, ऐच्छिक देणगी वेगळ्या पावतीवर घ्यावी. ती खरोखर ऐच्छिक हवी. ‘पहिल्या रांगेसाठी ५,००० देणगी’ असं म्हटलं की ती तिकिटाचीच किंमत.

कार्यक्रमाला आणखी कोणत्या परवानग्या?

पोलिसांची, सभागृहाची आणि लाउडस्पीकरची तर लागतेच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण आपली तारीख त्यात बसेल असं गृहीत धरू नका. नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. गाजलेल्या नाटकाला ते बहुधा आधीच मिळालेलं असतं, नव्या एकांकिकेसाठी वेळ हाताशी ठेवा. नाटककाराची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी आणि मानधन हा वेगळा विषय, आणि तो टाळू नये.

संगीताच्या हक्कांबाबत फार गैरसमज आहे. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना एक सवलत आहे : प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी प्रयोग केला तर तो हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावून शाळेसाठी किंवा रुग्णांसाठी केलेला कार्यक्रम या शब्दांत बसत नाही. चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा ठरवला असेल तर आयपीआरएस सारख्या हक्कसंस्थांचं शुल्क खर्चाच्या अंदाजात धरा. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर त्या मुद्रणाच्या हक्कांचा परवाना वेगळा असतो.

लकी ड्रॉ किंवा पैसे लावून हाउझी ठेवली तर?

ठेवू नका. पैसे घेऊन तिकीट विकायचं आणि नशिबावर बक्षीस द्यायचं, ही कायद्याने सोडत आहे. सोडत चालवण्याचा अधिकार राज्य सरकारचा, आणि त्याच्या मान्यतेशिवाय सोडतीसाठी जागा किंवा कार्यालय चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खालचा गुन्हा आहे. हेतू परोपकाराचा होता हा बचाव होत नाही. त्याऐवजी चित्रांचा, हस्तकलेच्या वस्तूंचा खुला लिलाव करा. सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला वस्तू मिळते, त्यात नशिबाचा भाग नसतो.

प्रायोजक आणि स्मरणिकेतल्या जाहिराती ही देणगी की उत्पन्न?

व्यापाऱ्याने ५०,००० दिले आणि तुम्ही सभागृहात ‘यांच्या सौजन्याने’ अशी फक्त नावाची पाटी लावली, त्यात त्याच्या धंद्याची जाहिरात नाही, तर ती देणगी. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं आहे. पण पाटीवर दुकानाचा पत्ता, मालाची नावं, सवलतीची घोषणा आली की ती जाहिरात. स्मरणिकेचं पान तर उघडच जाहिरात आहे, आणि त्या रकमेवर ८०जी पावती देता येत नाही. व्यापाऱ्याचंही त्यात नुकसान नाही, तो जाहिरातीचा खर्च धंद्यात दाखवू शकतो.

प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल आणि प्रायोजकत्व घेणारा न्यास असेल, तर जीएसटी साधारणपणे रिव्हर्स चार्जने प्रायोजकानेच भरायचा असतो. करारपत्रात तसं लिहून घ्या, नाहीतर नंतर वाद होतो.

संस्थेच्या बाजूने आणखी एक मर्यादा आहे. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरण अशा कामांपलीकडच्या ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ कामाच्या संस्थेचं व्यापारी स्वरूपाचं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेलं तर त्या वर्षाची करमाफी धोक्यात येते.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळेल का?

एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी बहुधा नाही. मॅरेथॉन, पुरस्कार समारंभ, प्रायोजकत्व असे एकवेळचे उपक्रम सीएसआर मध्ये धरले जात नाहीत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केलं आहे. दीर्घ प्रकल्पासाठी मात्र जरूर प्रयत्न करा. त्यासाठी संस्थेकडे १२ए आणि ८०जी, किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थांचा फॉर्म) ची नोंदणी हवी.

परदेशातल्या ओळखीच्यांनी पैसे पाठवले तर?

इथे क्षणभर थांबा, कारण ही चूक सगळ्यात महागात पडते. परदेशी देणग्यांसाठी एफसीआरए २०१० हा स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी स्रोताकडून आलेला एक रुपयाही संस्थेला घेता येत नाही.

परदेशी स्रोत पैशावरून नव्हे, माणसाच्या नागरिकत्वावरून ठरतो. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय दुबईहून किंवा लंडनहून पैसे पाठवतो, तो परदेशी स्रोत नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली, ओसीआय कार्ड असलेली आपलीच मावशी मुंबईत उतरून हातात रुपये देते, तरी ते परदेशी योगदान. म्हणून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक देणगीबरोबर नागरिकत्वाचं स्वयंघोषणापत्र आणि पासपोर्टची प्रत घ्या. आवाहन समाजमाध्यमांवर टाकताना ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ हे ठळक लिहा. मावशीला स्वतःच्या बहिणीच्या उपचाराला मदत करायची असेल तर त्यात अडचण नाही. जवळच्या नातेवाइकाकडून व्यक्तीला मिळणाऱ्या मदतीला या कायद्यात सूट आहे आणि वर्षात १० लाखांपर्यंतची रक्कम सरकारला कळवावीही लागत नाही.

नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही.

आजारी मुलाचा फोटो आवाहनात टाकावा का?

पालकांची लेखी संमती असेल तरच, आणि माझा आग्रह असा की शक्यतो टाकूच नये. संरक्षणाची गरज असलेल्या, बालगृहातल्या किंवा अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांची ओळख उघड करणं तर बाल न्याय अधिनियम २०१५ खाली गुन्हाच आहे. हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि डॉक्टरांचं पत्र, नाव झाकून दिलं तरी लोक विश्वास ठेवतात. मूल बरं होऊन शाळेत जातं, फोटो मात्र इंटरनेटवर राहतो.

पैसे उरले, किंवा दुर्दैवाने रुग्ण गेला, तर उरलेल्या रकमेचं काय करायचं?

देणगी ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी ती वापरणं बंधनकारक आहे. ‘आता दुसऱ्या गरजूला देऊ’ हे समितीने परस्पर ठरवलं आणि एखाद्या देणगीदाराने तक्रार केली तर विश्वासभंगाचा आरोप होऊ शकतो. उपाय सोपा आहे आणि तो आवाहनाच्या पहिल्या दिवशी करायचा असतो. मजकुरातच एक ओळ घाला : ‘निधी उरल्यास किंवा मूळ कारणासाठी वापरता न आल्यास तो अशाच स्वरूपाच्या गरजू रुग्णांसाठी वापरला जाईल.’ दुःखात असलेल्या घरच्यांवर नंतर परतफेडीचा प्रश्न येत नाही.

संस्थेच्या खात्यात पैसे उरले तर आयकराचाही नियम आहे. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी उद्दिष्टासाठी खर्च व्हायला हवेत. राखून ठेवायचे असतील तर कारण लिहून फॉर्म १० वेळेत भरावा लागतो आणि पाच वर्षांत ते वापरावे लागतात. मार्चमध्ये कार्यक्रम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. पैसे ३१ मार्चआधी जमतात आणि खर्च मेमध्ये होतो.

किती वर्षं कागद सांभाळायचे?

आयकर नियमांनुसार करसवलत घेणाऱ्या संस्थेने हिशेबाची पुस्तकं आणि कागदपत्रं संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षं ठेवायची असतात. पावत्यांची स्थळप्रत, न वापरलेली आणि रद्द केलेली पावतीपुस्तकं, देणगीदारांची यादी, खर्चाची बिलं, ठराव, धर्मादाय कार्यालयाची परवानगी, मूळ आवाहनाचा मजकूर हे सगळं त्यात आलं. खजिनदार बदलला की हे नव्या खजिनदाराकडे यादी करून, दोघांच्या सह्यांनिशी सोपवा, आणि स्कॅन केलेली एक प्रत संस्थेच्या ईमेल खात्यात ठेवा, कोणा एकाच्या लॅपटॉपवर नको.